मिलच्या गेटावरची झडती

“हात वर,” अद्वैत म्हणाला.

मी हात वर केले.

त्यानं माह्या बगला चाचपल्या, कंबर चाचपली अन् सदऱ्याच्या आतून एक कापडाची पट्टी ओढली. ओढतच राह्यला. जादूवाला तोंडातून रंगीत कागद काढते ना, तशी. पट्टी काही संपेना. समोर खुर्च्यांवर बसलेले लोक खो-खो हसून राह्यले होते. ही तालीम होती, उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. आमच्या गावची बंद पडलेली कापड मिल पुन्हा सुरू होऊन राह्यली होती. कापडासाठी नाई, करमणुकीसाठी. अन् त्या करमणुकीत मी चोर होतो.

“मस्त!” मॅडम म्हणाल्या. “फक्त तू थोडा अजून घाबर. पाय थरथरू देत. चोरी पकडली गेलीय ना तुझी.”

मॅडम पुण्याच्या. कार्यक्रम बसवून द्याले आलत्या. त्यायनंच मघाशी माह्या भुवयांवर, मिशीवर, केसांवर गोंदानं कापूस चिकटवला होता. मिलमधून निघालेला माणूस असा दिसे म्हणे. मी आरशात पाह्यलं. मिलमधला माणूस तं नाई, पण शाळेच्या गॅदरिंगमधला सांताक्लॉज नक्की दिसून राह्यलो होतो. तसं मी बोललोही. सारे हसले. मी हसवतोच. माहं कामच आहे ते.

“अन् माहे डायलॉग?” मी इचारलं.

“तुला डायलॉग नाहीयेत रे. तू कामगार आहेस ना.”

असं. सरळ. मले वाईट वाटावं म्हणून नाई बोलल्या त्या. भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तसं सांगतलं. अन् वळून अद्वैतले म्हणाल्या, “तू माईक जरा जवळ धर.”

तो माईक माहा होता.

हे मी जळून सांगून राह्यलो. आधीच सांगून टाकतो, मी जळकुकडा माणूस आहे. आई लहानपणापासून तेच म्हणते. शेजारच्या घरी नवा कूलर आला का मले ताप येत होता. पण अद्वैतवर मी जेवढा जळलो तेवढा जगात कोणावर जळलो नसन. अन् त्याचं कारण मिलच आहे.

मी मिल चाळीत जन्मलो. माहा बाप विणाई खात्यात मागावर होता. आमच्याकडे बापाले बुढा म्हणते, तो जवान असला तरी. तं बुढा मागावर, अन् अद्वैतचा आजोबा मिलचा मॅनेजर. त्यायचा बंगला मिलच्या मागच्या अंगाले, आंब्याच्या झाडात. अद्वैत पुण्याले शिके, उन्हाळ्याच्या सुट्ट्यात येत होता. आल्याबरोबर बंगल्याचा माळी चाळीत निरोप घेऊन ये, “त्या नकला करणाऱ्या पोट्ट्याले बोलावलं.”

मी धावतच जात होतो.

नकला मी बोलाले शिकायच्या आधी शिकलो. पहिली नक्कल भोंग्याची. मिलचा भोंगा झाला का गाव उठे. भोंग्यावर दुकानं उघडत, भोंग्यावर शाळा भरे. पगाराच्या दिवशी गेटासमोर जत्राच राहे, आलुबोंडे, फुगे, साड्यांचे ढीग. एकदा भर दुपारी मी चाळीत असा भोंगा काढला का शेजारचे काका झोपेतून उठले, पायात चप्पल घातली अन् डबा मागू लागले. काकूनं मले झाडू घेऊन चाळभर पळवलं. ती माही पहिली दाद.

बंगल्यात गेलो का अद्वैत व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसे. मी पायरीवर उभा. “भोंगा कर. आता बसचा कंडक्टर कर. आता आमच्या आजोबांचा ड्रायव्हर कर.” मी करत होतो. तो पोट धरून हसे. अन् माहं सारं ध्यान त्याच्यामागच्या पडद्यांवर राहे. जाड, दुधासारखे पडदे. वरून खालपर्यंत. आमच्या मिलचं कापड. माहा बुढा रोज तेच कापड काढे, पण आमच्या घरी त्याचं फडकंही नव्हतं. खिडकीले आईचं जुनं लुगडं लावलं होतं. मले त्या पडद्याले एकदा तोंड पुसावंसं वाटे. नुसतं एकदा. मी अद्वैतच्या बुटांवर नाई जळलो, त्याच्या सायकलवर नाई जळलो. पडद्यावर जळलो.

मिलले दोन गेट होते. एक साहेबायचं, बंगल्याकडून. तिथं चौकीदार सलाम ठोके. दुसरं आमचं, बाजाराकडून. तिथं पाळी सुटली का झडती राहे. सूत, कापड, सुताची बॉबिन कोणी चोरून नेऊ नये म्हणून. रांग लागे. एक एक जण पुढे जाये, हात वर करे, चौकीदार बगलेपासून पायापर्यंत हात फिरवे, डबा उघडून पाहे, मंग सोडे. रोज. आजारी माणसाचीही. ज्याच्या घरी मयत झाली अन् मधूनच घरी चालला, त्याचीही.

आमच्या बुढ्याचं असं झालं का हात आपोआप वर जाऊ लागले. कोणतंही गेट असो. दवाखाना असो. नागपूरले एकदा मॉलमध्ये नेलं तं गार्डनं बोलायच्या आधीच हात वर, वरून एक गिरकीही मारली. ताईचं लग्न सेलूले झालं. मंगल कार्यालयाच्या दारात नवरदेवाकडची एक पोट्टी अत्तर लावाले उभी होती. नवरीचा बाप, नवा कोरा फेटा, अन् तिच्यासमोर दोन्ही हात वर करून उभा. ती पोट्टी बिचारी! तिनं बगलेतच अत्तर लावलं.

हा माहा सगळ्यात जोरदार आयटम होता. ‘बुढा गेटावर.’ चाळीत गणपतीत, कोजागिरीले, कोणाच्याही हळदीत, लोक म्हणत, “लाव रे तुहा बुढा गेटावर.” मी हात वर करून गिरकी मारली का सारी चाळ लोळे. बुढाही हसे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसे.

मंग मिल आजारी पडली. हा मोठ्या लोकायचा शब्द. आम्ही पोट्टे समजत होतो का आता मिलले सलाइन लावतीन. एक पाळी बंद झाली, मंग दुसरी. मंग एका सकाळी भोंगाच झाला नाई. लोक गेटावर जाऊन उभे राह्यले. गेटाले कुलूप. बुढा घरी आला, डबा उघडला अन् सकाळीच खाऊन घेतला. पुढे माग भंगारात गेले. ट्रकांमागून ट्रक. आम्ही ट्रकांमागे धावत होतो, मजा म्हणून. बुढा घरातून निघाला नाई. मंग तिथं बाभळी वाढल्या. डुकरं शिरली. जुगार चाले.

मॅनेजर साहेब त्याच्या आधीच पुण्याले गेलते. बंगल्याचे पडदे काढले तेव्हा मी पाह्यलं. माळ्यानं घडी करून पेटीत भरले.

बुढा आता वर्ध्याले नालवाडीत एका अपार्टमेंटच्या गेटावर चौकीदार आहे. रोज बसनं जाते-येते. धुणीभांडीवाल्या बायांच्या पिशव्या पाहत जा, असं सोसायटीनं सांगतलं होतं. बुढा म्हणे, माह्यानं नाई होत. दुसऱ्याले ठेवा. त्यायनं बुढ्याले ठेवलं अन् पिशव्या सोडल्या.

अन् मी? मी लग्नात सूत्रसंचालन करतो. हळदी, साखरपुडे, दुकानाचं उद्घाटन. माईक भाड्याचा, सूट भाड्याचा, गळा तेवढा घरचा.

तं गेल्या उन्हाळ्यात अद्वैतचा फोन आला. “ओळखलंस का? अरे, मिल परत उभी करतोय आम्ही!”

मले वाटलं भोंगा होईन.

तसं नव्हतं. त्यानं अन् त्याच्या भागीदारांनी विणाई खातं भाड्यानं घेतलं होतं. एका बाजूले कॅफे, एका बाजूले लग्नाचं लॉन, बॉबिनचे दिवे, चिमणीवर लाइटिंग. अन् दर रविवारी मिलच्या आठवणींचा कार्यक्रम. “तू पाहिजेस यार. तुझ्याशिवाय कोण करणार? तू होस्ट. माईक तुझा.”

माईक तुझा. हे त्याचेच शब्द. मी मनानं नाई लावले.

दर रविवारचं पक्कं काम. अन् तेही मिलमध्ये, आमच्या मिलमध्ये, माईक घेऊन! मी चाळभर सांगतलं. बुढ्याले सांगतलं. बुढ्यानं चहा खाली ठेवला अन् इचारलं, “आपल्या गेटानं जाचं का थ्या गेटानं?”

“आता एकच गेट ठेवलं बाबा. आपलंच.”

“हं,” बुढा म्हणे. खूश होता.

मी अद्वैतसोबत बसून सारं सांगतलं. दुपार दुपार. तो मोबाइलवर रेकॉर्ड करे. भोंगा कसा वाजे, जत्रा कशी भरे, झडती कशी होये. बुढ्याचे हातही सांगतले, अत्तरवाली पोट्टीही सांगतली. एक गोष्ट मी रंगवून सांगतली होती, का गावातले कोंबडेही भोंगा झाल्यावरच बांग देत, रविवारी सुट्टी राहे तं कोंबडे झोपून राहत. अद्वैत हसून हसून खुर्चीवरून पडाचा राह्यला. मी म्हटलं, वा गड्या, हा माणूस आपला आहे.

अन् तालमीच्या दिवशी माईक त्याच्या हातात.

“मॅडमचं म्हणणं पडलं,” अद्वैत म्हणाला. “मिलशी ज्याचं नातं आहे, त्यानं बोलावं. आजोबा, मी... तिसरी पिढी. ते लोकांना भिडतं. तू परफॉर्मर आहेस ना, तू ॲक्शन कर.”

मिलशी ज्याचं नातं आहे.

मी घरी आलो, जेवलो नाई. आईनं इचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाई, गोंद निघून नाई राह्यला. आई खोबरेल तेल लावून भुवईतला कापूस काढत बसली. बुढ्याच्या भुवईतला काढे, तसाच. मी बुढ्याले सांगतलं नाई. कसं सांगू? त्यानं सुट्टी टाकली होती. त्याचा पांढरा सदरा इस्त्री होऊन खुंटीवर लटकला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाड्याच गाड्या. नागपूरच्या, वर्ध्याच्या. पिपरी मेघेकडचे डॉक्टर, प्राध्यापक, बायका सुती साड्या नेसून आलेल्या. त्या साड्या पाहून मले हसू आलं. मिल चालू होती तेव्हा ह्याच बाया नायलॉन नेसत होत्या.

भिंतीवर मोठे मोठे फोटो लावले होते. अद्वैतच्या आजोबाचा फोटो, खाली नाव, पद, सारं. बाकी साहेबायचेही तसेच. अन् एका फोटोत मागाजवळ चाळीस-पन्नास माणसं उभी. खाली लिहिलं होतं, ‘कामगार’. मी त्या गर्दीत बुढ्याले शोधत होतो. अद्वैत आजोबाच्या फोटोसमोर उभा राह्यला, चष्मा काढून डोळे पुसले. आजूबाजूचे लोक गप झाले. एका बाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मी जळून खाक. खरं सांगतो. माह्या डोळ्यांत पाणी आलं तं लोक म्हणते, वा, काय ॲक्टिंग करते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तं जग थांबते. त्याले मिलची आठवण येते. आमच्या बुढ्याले मिलचा खोकला येते. माणसाले आठवण तरी आपली राहावी का नाई? तीही याचीच! बंगला याचा, पडदे याचे, आता दुःखही यानंच घेतलं. मले त्याच्या रडण्याचा हेवा वाटून राह्यला होता. एवढा नीच हेवा मले कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात गेटाकडून हसण्याचा आवाज आला.

गेटावर एक कॉलेजची पोट्टी खाकी कपडे घालून, काठी घेऊन चौकीदार म्हणून उभी केली होती. येणाऱ्या पाहुण्याची ती लटकी झडती घे. पाहुणे खिदळत हात वर करत, फोटो काढत, मंग ती त्यायले एक पितळी बिल्ला दे. झडतीची मजा.

अन् रांगेत बुढा. पांढरा सदरा, केसाले तेल, भांग पाडलेला.

पोट्टी काही बोलायच्या आधीच बुढ्याचे हात वर गेले. सरळ. कोपरात बाक नाई. हनुवटी वर, नजर समोर, कोणाकडेच नाई. तिनं काठी हलवली तं बुढा थांबून थांबून गोल फिरला. पाठ दाखवली. पुन्हा समोर आला. हात वरच.

“ओ गॉड,” कोणीतरी म्हणालं. “किती ऑथेंटिक!”

टाळ्या पडल्या. मोबाइल निघाले. बुढ्याले समजलं नाई टाळ्या कायच्या. तो हात खाली करून सगळ्यायले नमस्कार करू लागला. अजून टाळ्या.

मॅडम माह्या बाजूलेच उभ्या होत्या. अद्वैतले म्हणाल्या, “हे कोणाला आणलंस तू? कमाल आहेत. यांना दर रविवारी ठेव. याच्यापेक्षा हेच बरे आहेत.”

याच्यापेक्षा, म्हणजे माह्यापेक्षा.

अन् पाहा माह्या मनाची घाण. पहिला एक क्षण मले बुढ्यावरच जळजळ झाली. मी इतके वर्ष ज्याची नक्कल करून टाळ्या खाल्ल्या, तो असलीच येऊन टाळ्या घेऊन गेला. बापावर जळलो मी! माह्या बापाले भर बाजारात, त्याच्याच मिलच्या गेटावर, खेळणं करून राह्यले होते, अन् मी बाजूले उभा राहून हिशेब करत होतो का टाळ्या कोणाले जास्त पडल्या.

तेव्हा मले राग चढला. राग अद्वैतचा नव्हता. आधी स्वतःचा होता. मंग फिरून त्याच्याकडे गेला.

चाळीत आम्ही हसत होतो, कारण तिथं हसणारे सारेच झडती देऊन आलेले. ज्याचे हात वर गेले तेच हसत. इथं हसणाऱ्यायनं कधी कोणासमोर हात वर केले नव्हते. केले, ते बिल्ल्यासाठी. आयटम तोच. फक्त हसणारे बदलले. अन् एवढ्यानं तो आयटम शिवी झाला.

कार्यक्रम सुरू झाला. बुढा मागच्या रांगेत बसला, बिल्ला सदऱ्याले लावून. अद्वैत स्टेजवर. माईक जवळ धरून.

“ही आमची मिल. माझ्या आजोबांची मिल. लहानपणी मी इथं यायचो ना, तेव्हा गावातले कोंबडेसुद्धा आमच्या भोंग्यावर आरवायचे. रविवारी सुट्टी, तर कोंबडे पण झोपलेले!”

हशा. टाळ्या. माहे कोंबडे! मी रंगवलेले! त्यानं ती गोष्ट माह्यापेक्षा चांगली सांगतली, हे अजूनच झोंबलं. त्याच्या तोंडी ती गोड लागत होती. बुढाही मागे हसून राह्यला होता. त्याले काय माहीत कोंबडे कोणाचे.

“आणि पाळी सुटली की गेटवर काय व्हायचं? बघू या!” अद्वैतनं मले बोलावलं. मी गेलो. भुवयांवर कापूस, सदऱ्याच्या आत पट्टी गुंडाळलेली.

“हात वर!”

मी नाई केले.

त्याले वाटलं मी इसरलो. पुन्हा, हसत, “अरे, हात वर!”

मी त्याच्याकडे पाह्यलं अन् त्याच्याच आवाजात म्हटलं, “अरे, हात वर!” तोच पुणेरी सूर, तीच मान तिरपी, तेच केस मागे सारणं. लोक हसून फुटले. जन्मभर मी त्याच्यासमोर दुसऱ्यायच्याच नकला केल्या होत्या. त्याची कधी केली नव्हती. किती सोपी होती!

अद्वैत हसला. खेळकर आहे तो, मान्य करतो. खेळ समजून त्यानं हात वर केले. माईकसकट.

मी त्याची झडती घेतली. बगल. कंबर. खिशातून मोबाइल, गाडीची चावी, इलायचीची पुडी. एकेक काढून स्टेजवर मांडलं. लोक हसून राह्यले होते. मंग मी त्याच्या वर गेलेल्या हातातून माईक काढून घेतला, उलटासुलटा करून पाह्यला अन् म्हटलं, “हा कोणाचा आहे? हा तं माहा होता. सापडला.”

अद्वैतचं हसू थोडं अडकलं.

मंग मी त्याचा आजोबा काढला. मॅनेजर साहेब पंधरा ऑगस्टले मिलच्या पटांगणात भाषण करत. तो खर्जातला आवाज, अन् प्रत्येक वाक्यानंतर घसा साफ करणं, मले पाठ होतं. त्याच आवाजात सुरू झालो.

“कामगार बंधूंनो, मिल आपली आई आहे. अंहं. आईच्या घरातून निघताना मात्र सर्वांनी हात वर करायचे. अंहं. मी नाही करणार. माझं गेट वेगळं आहे. माझ्या गेटवर झडती नसते, सलाम असतो. माझ्या घरचे पडदे त्याच गेटातून गेले. अंहं. आईनेच दिले.”

आता कोणी हसत नव्हतं. एक डॉक्टर खोकलला. मॅडमनं साउंडवाल्याले हातानं खूण केली. साउंडवाला पप्या, माहा शाळेतला दोस्त. त्याच्या दिवसाच्या मजुरीचा सवाल होता. माईक बंद झाला.

झाला तं झाला. मी भोंग्यासाठी घडलेला गळा घेऊन फिरतो. माईक खाली ठेवला अन् माह्या आवाजात म्हटलं, “मागच्या रांगेत पांढरा सदरा घालून बसले, ते कलाकार नाईत. त्यायनं गेटावर केलं ते नाटक नाई. ती त्यायची सवय आहे. ती ह्या गेटानं लावली. टाळ्या कायच्या वाजवल्या?”

पट्टी काढून तिथं टाकली. उतरलो.

मागच्या खोलीत अद्वैत आला. चेहरा लालेलाल. “माझ्या आजोबांबद्दल बोललास तू! सगळ्यांसमोर!”

“तू माह्या बापाची झडती घेतली. सगळ्यायसमोर.”

“ती त्या मुलीनं घेतली. आणि तो गमतीचा भाग होता. तुझा प्रॉब्लेम माहितीये? तू जळतोस माझ्यावर. लहानपणापासून.”

“हो,” मी म्हटलं.

त्याची तयारी नव्हती ह्या उत्तराची. मी नाई म्हणन, चिडन, असं त्याले वाटलं होतं.

“जळतो. अजूनही जळून राह्यलो. मंग?”

तो खिसे चाचपू लागला. चावी शोधत निघून गेला. चावी स्टेजवर राह्यली होती.

गोष्ट इथं संपती तं मी हिरो झालो असतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. आवाजात लाडीगोडी. “अरे, काल तू काय केलंस! लोक अजून बोलताहेत त्याच्यावर. फार पॉवरफुल. आपण हे ठेवू या. दर रविवारी. माईक तुझ्याकडे, पूर्ण वेळ. अद्वैतशी मी बोलले, तो तयार आहे. फक्त शेवट थोडा गोड करू. तू आजोबांचं सगळं बोल, राग काढ, आणि मग शेवटी हसत हसत हात वर कर. म्हणजे लोक हलके होऊन कॅफेत जातील. आणि बाबांना आण हं.”

मी फोन धरून उभा. माईक. दर रविवार. जे पाह्यजे होतं ते सारं, ताटात वाढून. राग काढाचेही पैसे भेटनार होते.

“हात वर नाई होनार,” मी म्हटलं. “गेटावरची झडती बंद करा. माहा बाप इथं आला तं पाहुणा म्हणून येईन. फोटोखाली नावं लावा, मी शोधून देतो. मंग माईक घेतो.”

“असं अडवून धरू नकोस. विचार कर. दुसरा कोणीही मिळेल आम्हाला.”

“भेटन,” मी म्हटलं. अन् ठेवला.

भेटलाही. सेलूकडचा एक पोट्टा आहे. चांगला करते म्हणे. दर रविवारी चिमणीवरचे दिवे लागले का मले दिसते, अन् पोटात जळते.

बुढ्याले संध्याकाळी सांगतलं. तो ड्युटीवरून आला होता, पाय धुऊन राह्यला होता. मी स्टेजवर काय बोललो ते त्यानं ऐकलंच होतं, पण रस्त्यानं घरी येताना एक शब्द काढला नव्हता. आता बोलला.

“माईक भेटून राह्यलता नं तुले? काऊन नाई म्हनलं?”

“ते तुम्हाले हसत होते बाबा.”

“टाया वाजवल्या त्यायनं.”

“तमाशा म्हणून वाजवल्या.”

बुढ्यानं पायावर अजून एक तांब्या पाणी टाकलं. मंग म्हणे, “तू नाई का करत माही नक्कल? गणपतीत, आपल्या चायीत? तवा?”

“तिथं सारे आपलेच होते. सारेच हात वर करून आलते.”

“हात वर कराले काय जाते बे? आमी जिनगानीभर केले. तुमाले खाऊ घातलं त्याच्यावर.”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

त्याले ते पटलं नाई. अजूनही पटलं नाई. बिल्ला त्यानं ट्रंकेत ठेवून देला. माह्याशी दोन दिवस बोलला नाई. मीही त्याले समजवाले गेलो नाई. त्याची जिंदगी त्यानं कशी काढली, हे सांगनारा मी कोण?

पण माही मी सांगन.

मी जळणं सोडनार नाई. लोक म्हणते हेवा वाईट, मनाले पोखरते. पोखरू दे. ज्याले सगळं भेटलं तोच म्हणते का जळू नका. मले अद्वैतसारखं नाई व्हायचं. मले त्याचा बंगलाही नको. मले ती जागा पाह्यजे जिथं उभं राहून तो म्हणते ‘आमची मिल’, अन् कोणी त्याले इचारत नाई, कोणाची बे?

अन् नकला मी करन. त्याच्याशिवाय मले दुसरं येते काय! पण आजपासून खालच्या माणसाची नक्कल वरच्यायसमोर नाई. माह्या बापाची नाई, पप्याची नाई, धुणीभांडीवाल्या बायांची नाई. माह्या गळ्यात मॅनेजर आहेत, मालक आहेत, मॅडम आहेत, त्यायचे नातू आहेत. एक एक बाहेर काढन, त्यायच्याच दारात, त्यायच्याच तोंडावर. हसले तं हसतीन. नाई हसले तं अजून मोठ्यानं काढन.